पुढची भेट ठरल्याशिवाय डिस्चार्ज द्यावा का?

धागाकर्ती (वॉर्डातली समाजसेविका):
मानसोपचार वॉर्डात काम करते, म्हणून स्पष्टच लिहिते. पुढच्या भेटीचा वार, वेळ आणि कोणाला भेटायचं त्याचं नाव ठरल्याशिवाय, आणि घरचे तयार असल्याशिवाय, डिस्चार्ज कार्डावर सही होऊ नये. ‘एक महिन्याने ओपीडीत दाखवणे’ एवढ्यावर माणूस घरी पाठवणं मला पटत नाही. मानसोपचार वॉर्डातून घरी गेल्यावरचे पहिले काही दिवस आत्महत्येच्या दृष्टीने सगळ्यात धोक्याचे असतात, आणि पुढचे दोन-तीन महिनेही जपावं लागतं. इंग्लंडमध्ये म्हणूनच ७२ तासांच्या आत पेशंटची विचारपूस व्हावी असा नियम केलाय. महिन्याने बोलावलं की नेमका हाच काळ मोकळा सुटतो.

प्रतिसाद (पूर्वी भरती होतो):
ताई, असहमत. ‘आता घरी जाऊ शकतोस’ असं डॉक्टरांनी सांगितल्यावर मी अकरा दिवस तिथेच होतो. बाहेरच्या डॉक्टरांची तारीख मिळत नव्हती आणि भावाला रजा नव्हती. शेजारच्या पलंगावरचा माणूस रात्रभर ओरडायचा. कशीबशी बसलेली झोप पुन्हा मोडली. त्या अकरा दिवसांत नोकरी गेली. बऱ्या झालेल्या माणसाला कुलपाआड ठेवणं याला काळजी म्हणू नका. हृदयाच्या पेशंटला तारखेसाठी असं कोणी अडकवून ठेवतं का?

प्रतिसाद (पेशंटची बहीण):
तुमच्यावर अन्याय झाला हे मान्य. पण आमच्याकडे उलट घडलं. सकाळी फोन आला, दुपारी दादाला घेऊन जा. कार्ड हातात दिलं, समजावून कोणीच सांगितलं नाही. घरी कपाटात लिथियमची, म्हणजे मनाचे टोकाचे चढउतार आवरणाऱ्या औषधाची, जुनी पट्टी होती. नवी पट्टी दुसऱ्या कंपनीची, नाव वेगळं, औषध तेच. दादा दोन्ही घेत राहिला. चौथ्या दिवशी पाण्याचा पेला उचलला तर निम्मं पाणी अंगावर सांडलं, इतका हात थरथरत होता. बोलणंही जड झालं होतं. लिथियमच्या लागू पडणाऱ्या आणि विषारी प्रमाणात फार अंतर नसतं, हे आम्हाला दुसऱ्यांदा भरती केल्यावर कळलं. ‘घरात आधीच्या कुठल्या गोळ्या आहेत, त्या घेऊन या’ एवढं एक वाक्य कोणी बोललं असतं तर!

प्रतिसाद (हाडांच्या वॉर्डातली सिस्टर):
सगळे मानसोपचार वॉर्डाबद्दलच बोलताय. आमच्याकडे पाय मोडून आलेल्या पेशंटला सिझोफ्रेनिया असतो, तेव्हा काय होतं? कार्डावर एक ओळ: ‘आधीच्या गोळ्या चालू ठेवणे.’ क्लोझापीन हे सिझोफ्रेनियावरचं औषध चालू असेल आणि ऑपरेशनच्या गडबडीत ४८ तासांहून जास्त खंड पडला असेल, तर आधीच्या डोसवर एकदम जाता येत नाही. १२.५ मिलिग्रॅमपासून पुन्हा चढवत न्यावं लागतं, नाहीतर रक्तदाब कोसळू शकतो. लिथियमवाल्याला डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं औषध दिलं तर रक्तातलं लिथियम वाढतं. अशा वेळी त्याच्या मानसोपचारतज्ज्ञांना एक फोन करायला हवा. तो कोणाचं काम आहे हे ठरलेलंच नसल्यामुळे होत नाही.

प्रतिसाद (निवासी डॉक्टर):
माझाही विरोध, पण कारण वेगळं. एक पलंग तारखेसाठी अडला की कॅज्युअल्टीत बाकावर बसलेला, खरोखर बिघडलेला पेशंट तिथेच राहतो. आणि ‘घरचे तयार नाहीत’ ही अट तर मुळीच नको. १९५८ साली लंडनमध्ये समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन आणि सहकाऱ्यांना मानसिक रुग्णांबद्दल असं दिसलं, की रुग्णालयातून आईवडिलांकडे किंवा बायकोकडे परतलेल्यांपेक्षा भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहिलेले पुरुष पुन्हा भरती न होता जास्त टिकले. घर म्हणजे सुरक्षित जागा, हे आपण न तपासताच धरून चालतो.

धागाकर्ती:
घरच्यांची अट मी मागे घेते, डॉक्टर म्हणतात ते बरोबर आहे. अकरा दिवसांचं वाचून वाईट वाटलं. पण ते दिवस तारीख मागितल्यामुळे गेले नाहीत, ती उशिरा मागितल्यामुळे गेले. भरतीच्या पहिल्या आठवड्यातच पुढची वेळ मागून ठेवावी, बदलावी लागली तर बदलावी. आणि भेटीला येणारच नाही म्हणणाऱ्यांनाही सोडून देऊ नये. सॅन फ्रान्सिस्कोत मानसोपचारतज्ज्ञ जेरोम मोटो यांनी पुढचे उपचार नाकारलेल्यांना पाच वर्षं अधूनमधून छोटी पत्रं पाठवली, कसलीही मागणी न करता, नुसती विचारपूस. पहिल्या दोन वर्षांत त्या गटात आत्महत्या कमी झाल्या.

प्रतिसाद (पूर्वी भरती होतो):
आधीच तारीख मागा, याला माझी ना नाही. तारीख नाही म्हणून सही अडवायला मात्र अजूनही विरोध आहे. आणि घरी फोन करण्याआधी मला विचारा. माझ्या कार्डावर भावाचा नंबर होता, पण मला बोलायचं होतं मित्राशी. तो नंबर कोणी मागितलाच नाही.