जादुई सर्कशीवर कादंबरी लिहितेय, पण सगळं विलायती वाटतंय. काय करू?

उनाड_पारवा
मंडळी, १३-१४ वर्षांच्या मुलांसाठी फॅन्टसी लिहायला घेतलीय. सहा प्रकरणं झाली. एक सर्कस न सांगता रात्रीतून गावाबाहेरच्या माळावर उगवते, तिकिटाला पैसे लागत नाहीत, प्रत्येकाने आपली एक आठवण द्यायची आणि आत जायचं. इथवर बरं होतं. भाचीला वाचायला दिलं तर म्हणते मावशी, हे इंग्लिशमधून ढापलंयस का? आणि खरंय हो, उंच काळी टोपीवाला रिंगमास्टर, धुकं, पट्ट्यापट्ट्यांचा तंबू, घड्याळाचे टोले, सगळं तिकडचंच आलंय. आपल्याकडची सर्कस मी मिरजेला एकदाच बघितली, तीपण आजोबांच्या मांडीवर झोपून. कुठून सुरू करू?

खोडरबर
आपल्याकडची पहिली सर्कस काढणाऱ्या विष्णुपंत छत्र्यांपासून करा की. मिरजेचं नाव काढलंत आणि शेजारचं कुरुंदवाड आठवलं नाही? पंत तिथल्या संस्थानातले घोड्यांचे उस्ताद. चिअरिनी नावाच्या इटालियनची सर्कस मुंबईत आली, ती बघून पंतांनी ठरवलं आपणही काढायची, आणि १८८० मध्ये ग्रेट इंडियन सर्कस उभी केलीसुद्धा. पण तुमच्या कामाची गोष्ट पुढेच आहे. पंत गाण्याचे वेडे, ग्वाल्हेरला हद्दूखाँकडे शिकलेले. हद्दूखाँचा मुलगा रहिमतखाँ, ज्यांना लोक भूगंधर्व म्हणायचे, ते काशीला अगदी वाईट अवस्थेत सापडले तर पंतांनी त्यांना उचलून सर्कशीबरोबर फिरवलं. विचार करा, एका राहुटीत वाघ गुरगुरतोय, शेजारच्या राहुटीत तंबोरा लागतोय. याच्यापुढे तुमची काळी टोपी म्हणजे अगदीच फॅन्सी ड्रेस 😄

गॅलरीतला_बाळ्या
आमच्या घरासमोरच्या मैदानात दरवर्षी सर्कस लागायची म्हणून सांगतो, रात्रीचा शो सोडा, सकाळी काय असतं ते लिहा. पहाटे पहारीने खुंट ठोकल्याचा ठण् ठण् आवाज, मग तंबूच्या दोरांवर वाळत घातलेले चमचमते कपडे, त्यातच एखादा मळका पंचा. नळावर विदूषक दात घासत असायचा, तोंड धुतलेलं पण कानामागे पांढरा रंग तसाच. आम्ही पोरं त्याला बघून हसायचो तर तो अजिबात हसायचा नाही, शांतपणे चूळ भरायचा, मला तर तेव्हा त्याची भीतीच वाटायची. आणि सर्कस गेल्यावर मैदानात भुशाचं गोल रिंगण उरायचं, त्यात पाऊल टाकायला कुणी धजायचं नाही, का ते माहीत नाही. धुक्याऐवजी हे घ्या ना.

दीड_शहाणी
दोघांचंही मस्त. पण ताई, गोष्ट कधी घडते ते आधी ठरवा. आजची असेल तर वाघसिंह आणूच नका. १९९८ च्या अधिसूचनेने वाघ, सिंह, बिबळे, अस्वलं, माकडं यांचे खेळ बंद झाले आणि २००१ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते उचलून धरलं. मग रिकामे पिंजरे घेऊन फिरणारी सर्कस दाखवा, रात्री पिंजऱ्यातून नुसता वास येतो, जनावर दिसत नाही! हे फुकट देतेय, घ्या 😛
अजून एक, आठवण द्यायची हे झकास आहे पण त्याचा हिशोब लावा. दिलेली आठवण कोण वापरतं? झुल्यावरची पोरगी खाली जाळी नसताना उडी मारते ती कुणाच्या आठवणीच्या जोरावर? हे पक्कं नसेल तर पंधराव्या प्रकरणात जादूला काहीही जमायला लागतं आणि पोरं पुस्तक मिटून मोबाईल घेतात. माझ्या लेकाने असंच एक मधूनच सोडलंय.

उनाड_पारवा
अरे काय लोक आहात! टोपी काढली. रिंगमास्टर आता एक म्हातारा गवई आहे, त्याला स्वतःचं काहीच आठवत नाही, लोकांनी तिकिटाला दिलेल्या आठवणी तो रात्री गातो, आणि गाणं चालू असेतोवरच झुल्यावरची मुलगी पडत नाही. दीड_शहाणी, हिशोब लागला का? पिंजऱ्याचा वास चोरतेय. बाळ्याभाऊ, कानामागचा रंगपण.
भाचीला सांगितलं तर पहिला प्रश्न, "आणि त्याला ठसका लागला तर?"
सातवं प्रकरण मिळालं.

गॅलरीतला_बाळ्या
भाचीलाच लिहायला बसवा 😂