मदत हवी आहे : इटलीत पडलेल्या मराठा पलटणीतल्या शिपायाची मृत्यूची तारीख कशी शोधावी?

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरचा, मूळ गाव शिरोळ तालुक्यात. माझ्या आज्जांचे थोरले भाऊ मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीत पडले. त्यांची एकुलती एक लेक, म्हणजे माझ्या वडिलांची चुलत बहीण, माझी आत्या, आता ऐंशीच्या पुढं आहे. नक्की वय सांगता येत नाही, कारण शाळेत घालताना मास्तरांनी तिला १ जून लावून दिली. तिला वडिलांची तिथी हवी आहे.

घरात त्यांचा म्हाळ आजवर सर्वपित्री अवसेलाच घातला जातो. तिथी माहीत नसलेल्यांचा तोच दिवस. आत्याला हे सलतं. "माझा बाप काय बेवारशी मेला न्हाई, सरकारच्या वहीत तारीख असणारच की," असं ती दरवर्षी पितरपाटात म्हणते. मला तिचं म्हणणं पटतं, म्हणून हा धागा.

घरात जे ऐकलं ते आधी सांगतो, त्यातून कुणाला काही सुचेल. भरती झाले तेव्हा लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते. आत्या पोटात असताना सुट्टी संपवून गेले ते गेलेच. लेकीचं तोंड त्यांनी पाहिलं नाही. पत्रं यायची, दुसऱ्या कुणाकडून तरी लिहवून घेतलेली. त्यात ठिकाणाचं नाव कधीच नसायचं, सेन्सॉर होता. आत्याला एका पत्रातली ओळ तोंडपाठ आहे, थोरल्या आज्जींनी, म्हणजे तिच्या आईनं, वाचून घेऊन घेऊन पाठ केलेली : "तांबड्याच्या खुराला औषध लावत जा, पाण्यात उभा करू नका." तांबड्या म्हणजे बैल.

तार आली तेव्हा गावात गुऱ्हाळं चालू होती, एवढंच सगळ्यांना आठवतं. वर्ष कुणी सांगत नाही. थोरल्या आज्जींनी तारेवर विश्वासच ठेवला नाही. अंगावरचा कपडा नाही, अस्थी नाहीत, सोबतचा कुणी माणूस सांगायला आला नाही. त्या कुंकू लावत राहिल्या. भावकीतल्या बायका बोलल्या, सासू रडली, तरी लावत राहिल्या. पुढं पेन्शनीचा कागद आला, त्यावर अंगठा उठवायला लागला आणि तिथं त्यांच्या नावापुढं विधवा लिहिलेलं वाचून दाखवलं गेलं. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी स्वतःच पुसलं. माहेरी गेल्या नाहीत. दिराच्या, म्हणजे माझ्या आज्जांच्या बरोबरीनं शेतात राबल्या आणि पेन्शनीचा पैसा लेकीच्या शाळेला लावला. आत्या सातवी फायनल झाली, प्राथमिक शाळेत बाई म्हणून लागली. गावातल्या दोन पिढ्यांना तिनं अक्षर शिकवलं.

आता कागदांचं. पत्रं, पेन्शनीचा पट्टा, फोटो, सगळं एका ट्रंकेत होतं. २०१९ च्या महापुरात ट्रंक पाण्याखाली गेली आणि कागदाचा लगदा झाला. राहिला तो एक स्टार, म्हणजे युद्धाचं पदक : सहा टोकांचा, पितळी रंगाचा, मधोमध मुकुट आणि वर्तुळात इंग्रजीत 'द इटली स्टार'. फितीचा तुकडा शिल्लक आहे, लाल-पांढरा-हिरवा ओळखू येतो. मागच्या बाजूला खोदलेली अक्षरं आहेत, पण गाळ आणि हिरवट गंज बसल्यामुळं नावाची पहिली अक्षरं आणि शेवटचं 'महरट्टा' एवढंच लागतं. नंबर लागत नाही.

गुऱ्हाळाचा हंगाम म्हणजे दिवाळीनंतर ते शिमग्यापर्यंत. इटलीत आपल्या लोकांचे हिवाळे दोनच. सप्टेंबर १९४३ मध्ये आठवी हिंदी डिव्हिजन टॅरंटोला उतरली, तिच्यात मराठ्यांची पहिली पलटण होती, आणि नोव्हेंबरात सांग्रो नदीवरची लढाई झाली. दुसरा हिवाळा १९४४-४५ चा, अपेनाइन डोंगरातला, गॉथिक लाइनचा, म्हणजे जर्मनांच्या बचावफळीवरचा. म्हणजे प्रश्न या दोन हिवाळ्यांतला आहे.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या वेबसाइटवर शोधलं. आमचं आडनाव शिरोळ-हातकणंगल्यात गावोगाव, आणि नावही त्या काळी घरटी असायचं. वर इंग्रजी स्पेलिंगचा धरबंद नाही. इटलीतल्या दोन नोंदी जुळतात. एक सांग्रोच्या स्मारकावरची, १९४३ च्या डिसेंबरातली. दुसरी फोर्लीची, १९४४ च्या शेवटाची. काही नोंदींत बापाचं, बायकोचं, गावाचं नाव असतं, या दोन्हींत नेमकं काहीच नाही. यशवंत घाडगे यांचा १० जुलै १९४४ चा पराक्रम किंवा नामदेव जाधव यांचा ९ एप्रिल १९४५ चा, कोण कुठून पुढं सरकलं इथपर्यंत वाचायला मिळतो, आणि व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानकऱ्यांचं तसं असायलाच हवं. पण त्याच रेजिमेंटच्या एका साध्या शिपायाच्या लेकीला नुसती तारीख मिळू नये, हे मला सहन होत नाही.

तर विचारायचं असं. स्टारला इजा न करता नंबर कसा वाचावा? रेजिमेंटच्या बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहिताना काय काय जोडावं? आणि थडग्याचा फोटो मागवायचा तर कुणाकडं मागावा?

प्रतिसाद :
दादा, मी गडहिंग्लजचा, मराठा रेजिमेंटमधूनच सुभेदार म्हणून पेन्शनीवर आलोय. पहिली गोष्ट, स्टारला चिंच, लिंबू, पितांबरी काहीही लावू नका, खोदकाम पुसट होईल. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवा, लाकडी टूथपिकनं गाळ हलक्या हातानं काढा. मग अंधाऱ्या खोलीत टॉर्च अगदी आडवा धरून चारी बाजूंनी फोटो काढा. ब्रिटिश शिपायांना स्टार कोरे दिले होते, हिंदुस्थानी फौजेच्या स्टारवर मात्र नंबर, हुद्दा, नाव, पलटण खोदायचे. त्यामुळं नंबर तिथं आहे हे धरून चाला.
दुसरं, थडगं शोधू नका. आपल्या हिंदू जवानांना तिथं अग्नी दिला. त्यांची नावं स्मारकावर कोरलीत. अशी दहनस्मारकं इटलीत तीन : सांग्रो, फोर्ली आणि रिमिनी. ज्यांचा देहच सापडला नाही त्यांची नावं कॅसिनोच्या स्मारकावर आहेत. तुमच्या दोन्ही नोंदी दहनस्मारकावरच्या असतील, तर त्यांना रीतसर अग्नी मिळाला होता. आत्याबाईंना हे जरूर सांगा.

प्रतिसाद :
तारीख मिळाली की त्या सालच्या पंचांगावरून तिथी काढता येते, ते अवघड नाही. तोपर्यंत एक सुचवते. पंचांगात भाद्रपद वद्य चतुर्दशीला 'शस्त्रादिहत पितृश्राद्ध' दिलेलं असतं. लढाईत पडलेल्यांचा म्हाळ त्या दिवशी घालतात. अवसेच्या आदल्या दिवशीच येतो. तुमच्या भटजींना विचारून बघा.

धागाकर्ता :
सुभेदारसाहेब, ताई, मनापासून आभार. आत्याला अग्नी दिल्याचं सांगितलं. तिनं दोनदा विचारलं, "खरंच दिला न्हवं?" मग म्हणाली, चतुर्दशीचंही चालेल, पण तारीख सोडू नकोस.
टॉर्चचा उपाय लागू पडला. नंबराचे शेवटचे दोन आकडे स्वच्छ दिसले आणि ते सांग्रोच्या नोंदीशी जुळतात, फोर्लीच्या नाही. तरी दोन आकड्यांवर आत्याला तिथी सांगायचं धाडस होत नाही. शीट रोलमध्ये, म्हणजे शिपायाच्या नोकरीच्या नोंदपत्रात, थोरल्या आज्जींचं नाव दिसलं की शंका उरणार नाही. सुभेदारसाहेब, बेळगावला अर्ज आत्याच्या सहीनं करू की माझ्या? आणि वारस म्हणून तिचा कोणता दाखला चालेल? तिच्याकडं शाळा सोडल्याचा आहे, त्यावर वडिलांचं पूर्ण नाव आहे. इटलीत राहणारं कुणी हे वाचत असेल तर सांग्रोच्या स्मारकावरच्या मराठा रेजिमेंटच्या नावांचा फोटो मिळाला तर फार उपकार होतील. नाव आणि नंबर मी व्यक्तिगत निरोपातून कळवतो.