मुंबईचं सेकंड अपील आता कोल्हापुरात, पुढं काय करायचं?

पंचगंगाकाठ:
नमस्कार मंडळी. आमच्या वडिलांनी वाटपाच्या दाव्यात हायकोर्टात सेकंड अपील (खालच्या दोन कोर्टांनंतरचं दुसरं अपील) केलंय, बरीच वर्षं मुंबईला पडून आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच म्हणजे खंडपीठ चालू झालंय तर आमची केस आपोआप इकडं येणार का अर्ज द्यावा लागतो? मुंबईचे वकील फोन उचलत नाहीत, फाइल मागितली की आधी राहिलेली फी भरा म्हणतात. गावात एकजण म्हणतोय सर्किट म्हणजे तात्पुरतं, उद्या उठवलं तर परत मुंबई, मग कशाला वकील बदलताय. आणि कोर्ट नेमकं कुठं, कसबा बावड्यात का? वडील थकलेत, मीच बघतोय सगळं. ज्यांच्या विरुद्ध अपील आहे ते चुलते पण गेल्या वर्षी श्रावणात वारले.

काळाकोट_सांगली:
बावड्यात जिल्हा कोर्ट. बेंच सीपीआर दवाखान्यासमोर जुन्या कोर्टाच्या इमारतीत. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची कामं इथं, त्यामुळं तुमचं इकडंच. केस नंबर घालून हायकोर्टाच्या साइटवर स्टेटस बघा. फी राहिली म्हणून वकिलाला फाइल अडवून ठेवता येत नाही, सुप्रीम कोर्टानं २००० सालीच सांगितलंय, फीसाठी त्यांना वेगळा दावा करता येतो. आधी गोडीनं एनओसी म्हणजे वकील बदलायला हरकत नसल्याचं पत्र मागा, नाहीच दिली तर नवीन वकील कोर्टाची परवानगी घेऊन वकीलपत्र दाखल करतील.

पण साहेब, खरी गोष्ट तुम्ही शेवटच्या ओळीत टाकून मोकळे झालाय! चुलत्यांचे वारस लावले का? समोरची पार्टी मयत झाली की ९० दिवसांत वारस रेकॉर्डवर घ्यायचा अर्ज द्यावा लागतो, नाही दिला तर त्यांच्यापुरतं अपील अॅबेट होतं म्हणजे आपोआप संपतं, आणि वाटपाचं काम म्हणजे सगळ्यांचे हिस्से एकात एक अडकलेले त्यामुळं एकाच्या पायी अख्खं अपील बसू शकतं. ९० नंतर आणखी ६० दिवस अॅबेटमेंट उठवायला असतात, ते पण गेले की डिले कंडोनचा म्हणजे उशीर माफ करण्याचा अर्ज जोडायचा. बेंच कुठं आहे ते नंतर बघू, हे काम ह्या आठवड्यात करा.

सिद्धेश्वर_एक्स्प्रेस:
कोल्हापूरकरांचं बरं झालं, आम्हा सोलापूरकरांना कुणी विचारलं का? रात्री गाडीत बसलं की सकाळी सीएसएमटी, तिथनं कोर्ट चालत. आता कोल्हापूरला जायचं म्हणजे निम्मा दिवस रस्त्यात. असो, विषय तुमचा चाललाय.

पंचगंगाकाठ:
बाप रे. वारस लावायचे असतात हे कुणी सांगितलंच नाही. आम्हाला माहीत नव्हतं असं लिहिलं तर चालेल का?

काळाकोट_सांगली:
काय माहीत नव्हतं ते नीट लिहा. चुलते वारले हे माहीत नव्हतं म्हणू नका, भाऊकीत मयत आणि तुम्ही मातीला गेला नाही असं कोण मानेल, समोरचा वकील दहाव्याचा फोटो काढून दाखवेल. खरं आहे तेच लिहा, की अपील हायकोर्टात पडून होतं, वकिलानं कळवलं नाही, कायद्यानं काय करायचं असतं ते ठाऊक नव्हतं. १९८४ ला शीतलप्रसाद सक्सेनाच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं असं धरलंय की लांबच्या हायकोर्टात अपील पडलेलं असताना खेड्यातल्या पक्षकारानं पार्ट्या जिवंत आहेत का यावर कायम नजर ठेवावी अशी अपेक्षा करता येत नाही. तिथंपण सेकंड अपीलच होतं. फक्त माझं मत विचाराल तर "हायकोर्ट लांब" हे कारण आता आपल्या सहा जिल्ह्यांत हळूहळू बोथट होणार. सीपीआरसमोर कोर्ट असताना करवीरच्या माणसानं लांब म्हटलेलं जज किती दिवस ऐकतील? बेंचचं कौतुक सगळे करतात, ह्याच्यावर कोण बोलत नाही. म्हणून म्हणतोय, मागचे महिने मुंबईच्या खात्यात टाकता येतील, इथून पुढचा एकेक दिवस अंगावर येईल.

आंबोली_घाट:
एक सांगा, चुलत्यांचा मुलगा का बायको आधीपासून अपिलात पार्टी आहे का? असेल तर एक वारस रेकॉर्डवर आहेच असं म्हणता येतं, अॅबेट झालंच नाही हा मुद्दा घेता येईल. आणि ते तात्पुरतंचं भूत डोक्यातनं काढा. सर्किट बेंच १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१(३) खाली, कायमचं ५१(२) खाली, त्याला राष्ट्रपतींचा आदेश लागतो. औरंगाबादचं पण १९८१ ला ५१(३) नंच चालू झालेलं, विरोध झाला, १९८२ ला सुप्रीम कोर्टानं योग्य ठरवलं, १९८४ ला कायम झालं. निकालाची किंमत दोन्हीकडं सारखीच.

पंचगंगाकाठ:
थोरला मुलगा पार्टी आहे, दोन्ही बहिणी नाहीत.

काळाकोट_सांगली:
मग जीव वाचला म्हणायचा, पण बहिणींना लावाच, उद्या हिस्सा मागत त्याच येतील. ग्रामपंचायतीतनं मृत्यूचा दाखला काढा, बहिणींचे सासरचे पत्ते घ्या आणि वकिलाकडं जा.