विहिरीच्या पाण्याला पेट्रोलचा वास येतोय, उपसून टाकू का?

पारोळ्याकडचा शेतकरी:
राम राम मंडळी. हायवेला लागून आमचं शेत, विहीर ४५ फूट, वर मुरूम आणि खाली काळा पाषाण. दीडेकशे फुटांवर पेट्रोल पंप आहे. मागच्या पावसाळ्यात पाण्याला थोडा वास आला होता, उन्हाळ्यात गेला म्हणून आम्ही पण विसरलो, आता मृगाचा पाऊस झाला आणि परत सुरू. बादली काढली तर वर रंगीत तवंग, बैलानं तोंड लावलं आणि मान झटकून मागं सरकला. पंपवाले म्हणतात आमची गळती नाही, विहीर एकदा उपसून टाका. वडील उद्याच मोटर लावायची म्हणताय. घरी पण हेच पाणी पितो, उकळून चालेल का?

बोरवाले आप्पा, चोपडा:
मोटरला हात लावू नका भाऊ! पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती विहिरीतच साचून राहते, एक ठिणगी पुरे. कोणी खाली उतरायचं नाही, काठावर बिडी नाही. आणि उपसलेलं पाणी नाल्यात गेलं तर खालच्या विहिरी पण नासतील.

भूजलवाली ताई:
आप्पा बरोबर बोलले. पिणं आजच बंद करा, गुरांना पण नको. उकळू तर अजिबात नका, पेट्रोलमधलं बेन्झिन नावाचं विषारी रसायन वाफेबरोबर स्वयंपाकघरात येतं, आणि त्यानं रक्ताचा कॅन्सर होऊ शकतो.

वास पावसाळ्यातच का येतो ते सांगते. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, ते भूजलाच्या वर तरंगतं. उन्हाळ्यात पातळी खाली गेली की ते मुरमाला चिकटून राहतं, पाऊस पडून पाणी चढलं की परत सुटतं. म्हणजे गळती आज थांबली असली तरी वास येऊ शकतो, आणि वास गेला म्हणून पाणी चांगलं झालं असं पण नाही. जागतिक आरोग्य संघटनेची बेन्झिनची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. पेट्रोलमध्ये १ टक्का बेन्झिन धरा, तरी १ लिटर पेट्रोल ८ लाख लिटरच्या वर पाणी खराब करू शकतं. त्यात आता इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, जमिनीतले जिवाणू आधी इथेनॉल खातात आणि बेन्झिन तसंच पुढे सरकतं.

नमुना काचेच्या छोट्या बाटलीत, काठोकाठ, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही, आणि बर्फात ठेवून लॅबला. साधी पाणी तपासणी नाही, ‘बीटेक्स’ची, म्हणजे बेन्झिन आणि पेट्रोलमधल्या तसल्याच रसायनांची तपासणी मागा. शेजारच्या विहिरींचे पण घ्या.

सफाईत आधी गळती बंद, मग तरंगणारा थर काढायचा, मग पाणी उपसून कार्बनच्या टाकीतून गाळायचं, मुरमातली वाफ व्हॅक्यूमनं ओढायची. पाणी कुठल्या दिशेला जातं ते कळायला कमीत कमी ३ निरीक्षण बोर लागतात, एका रेषेत नकोत. आणि हे काम काही वर्षं चालतं, पावसाळ्याआधी आणि नंतर मोजत राहावं लागतं.

बोरवाले आप्पा, चोपडा:
ताई, यावल-रावेरकडे गाळाची जमीन, तिकडं दिशेचा अंदाज लागतो. पारोळ्याकडं पाषाणाच्या भेगा, जवळची विहीर चांगली निघते आणि लांबची खराब, म्हणून एका विहिरीवर विसंबू नका.

भूजलवाली ताई:
अगदी खरं. आणि भाऊ, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणा दोघांकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. पंपाच्या टाकीची आणि पाइपची दाबचाचणी मागा, डिपचे, म्हणजे टाकीत पट्टी घालून मोजलेल्या पेट्रोलचे, रोजचे आकडे पण मागा. प्रदूषण करणाऱ्यानं खर्च भरायचा हे तत्त्व हरित लवादाच्या २०१० च्या कायद्यातच आहे.

पारोळ्याकडचा शेतकरी:
वडिलांना वाचून दाखवलं, मोटरचा फ्यूज काढून घरात आणून ठेवला. प्यायला टँकर सांगितला. खालच्या अंगाला काकांची विहीर आहे, त्यांना पण आता फोन करतो, ते रोज तिथूनच पाणी भरतात.