पान भरून रेघा: चित्रकला की शिक्षा?

मोरपीस: लेक तिसरीत. चित्रकलेच्या तासाला आडव्या, तिरप्या, नागमोडी रेघांनी पान भरायचं, पुढच्या तासाला त्याचीच नक्षी. घरी येऊन विचारते, "आई, घर कधी काढायचं?" अरे, मुलांना मोकळं सोडा ना!

जुना कलाशिक्षक: 'मोकळं सोडा' ऐकून कान किटले. मोकळं सोडलं की काय येतं ते नोकरीभर पाहिलंय: दोन त्रिकोणी डोंगर, मधून सूर्य, नदी, आकाशात चारच्या आकड्याचे पक्षी. साठच्या साठ वह्यांत! पोरं पेन्सिल टोकाशी आवळून बोटांनी खरडतात. लांब रेघ सावकाश ओढायला लावली की हात खांद्यापासून हलू लागतो.

पट्टीपेन्सिल: आणि नक्षीतली एखादी पाकळी मोठी झाली की? आमच्या बाईंनी माझा कागद सगळ्यांसमोर टरकावला होता. पुन्हा ब्रश धरला नाही मी.

तिरकस: सगळी तयारी इंटरमीडिएट चित्रकला परीक्षेची हो. ए ग्रेड, दहावीला 7 गुण, रंगपेटी माळ्यावर.

पट्टीपेन्सिल: त्यापेक्षा वारली शिकवा. सोप्पी असते, त्रिकोण न् गोल.

डहाणूकर: सोप्पी?? दोन त्रिकोण टोकाला टोक लावले की माणूस होतो, पण तो नाचतोय की वाकून भाताची लावणी करतोय, हे ते किती कलतात त्यावर ठरतं. तुमच्या शाळांच्या कंपाउंडवर सगळे एकाच कोनात, कवायतीला उभे! आमच्याकडे लग्नाचा चौक सुवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर काढतात. तुम्ही तो कॉफीच्या मगावर काढता.

पट्टीपेन्सिल: मग जिव्या सोमा मशेंनी कागदावर काढली ती? 2011 ला पद्मश्री मिळाली त्यांना. त्यांना कागद चालतो, पोरांना वही नको?

डहाणूकर: वहीला कोण नाही म्हणतंय? मशेंचं मासेमारीचं जाळं पाहिलंय का कधी? कागदभर बारीक विणलेलं. रेघ, नक्षी, सगळं त्यातच. आधी ते दाखवा, मग त्रिकोण गिरवून घ्या. इथे उलटा कारभार.

तिरकस: मूळ प्रश्न तिसरीतल्या मुलीचा होता, आठवतंय का कुणाला?

मोरपीस: बरं बाबा, काढू दे रेघा. सर म्हणतात म्हणजे खांदा-बिंदा सुधारत असेल. पण कशासाठी काढतोय हे पोरांना सांगाल की नाही?

जुना कलाशिक्षक: आठवड्याला एक तास. त्यातला अर्धा पेन्सिलींना टोक करण्यात. उरलेल्यात गणिताच्या बाई पोर्शन राहिला म्हणून वर्ग मागतात. सांगू कधी, ताई?