बाबांना चालायला लावायचं कसं?

बाबा ७२ वर्षांचे, गुडघे दुखतात म्हणून दिवसभर टीव्हीसमोर, डॉक्टर म्हणाले चाला, मी रोज मागे लागते पण मी बोलले की मुद्दाम आवाज वाढवतात. हेल्थ कोच कोणी लावलाय का? फरक पडतो की नुसते पैसे?

सदाशिवपेठी: आईसाठी लावली होती, फोनवरच, आठवड्यातून एकदा. तिने आधी व्यायाम सांगितलाच नाही, विचारलं परत काय करावंसं वाटतं? आई म्हणाली पर्वती चढायचीय. मग जेवणानंतर १० मिनिटं गच्चीवर, एवढंच ठरलं आणि कॅलेंडरवर टिक. तुम्ही मागे लागणं बंद करा आधी, खरंच.

निवांत_आजोबा: मी स्वतः ६८. डब्ल्यूएचओ म्हणतं आठवड्याला किमान १५० मिनिटं, शिवाय ३ दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम. १५० ऐकूनच माणूस घाबरतो हो! खुर्चीतून उठबस, ओटा धरून एका पायावर उभं राहणं, इथून सुरू करा. चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, हे माप. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर लगेच थांबायचं.

प्रश्नकर्ती: विचारलं बाबांना. म्हणाले मंडईत जाऊन भाजी निवडायचीय, तू आणतेस ती गवार जून असते 😑