जुन्या गाडीच्या काढलेल्या ऑइलमध्ये लोखंडाचा तुकडा निघाला, इंजिन उघडावं का?

बोरीकाठ:

नमस्कार मंडळी,

धाकट्या भावाला धुळ्याला अवधान एमआयडीसीत काम लागलं. शिफ्टच्या वेळा आणि अमळनेरच्या एसटीच्या वेळा जुळत नाहीत, म्हणून त्याच्यासाठी २००९ ची स्प्लेंडर घेतली. आधीचा मालक दूधवाला, कॅन लटकवायचा अँगल मागे अजून तसाच आहे. कागदपत्रं, पंधरा वर्षांनंतरचं आरसीचं नूतनीकरण, सगळं तपासून घेतलं. गाडी पहिल्या किकला लागते, धूर मारत नाही, ॲव्हरेजही बरं देते.

घरी आल्यावर आधी ऑइल बदलायला घेतलं. इंजिन थोडं गरम केलं, १७ नंबरच्या पान्याने खालचा बोल्ट सोडला. ऑइल काळंकुट्ट होतं, त्याचं नवल वाटलं नाही. पण ते जुन्या सुती धोतराच्या फडक्यातून गाळलं तेव्हा तळाशी जे राहिलं ते पाहून झोप उडाली आहे.

तीन प्रकारचा माल आहे. एक, चांदीसारख्या रंगाची वळलेली बारीक साल, तीन-चार तुकडे. दोन, काळा मऊ चुरा, बोटात धरला की पसरतो. आणि तिसरा प्रकार म्हणजे एकच तुकडा, तांदळाच्या दाण्याएवढा पण जाड आणि कोनेदार. त्याची एक बाजू घासून आरशासारखी गुळगुळीत झाली आहे, दुसरी खडबडीत, दाणेदार. शिवाय ऑइल उन्हात धरलं की त्यात राखाडी चमक दिसते.

इथल्या एका मेकॅनिकने सांगितलं, "काही होत नाही, डिझेल टाकून पाच मिनिटं चालू ठेवा, सगळी घाण निघून जाईल." दुसरा म्हणाला फुल इंजिनच करावं लागेल. दोघांनीही तो तुकडा हातात घेऊन पाहिला नाही, हे मला जास्त लागलं. कपाशीच्या पैशातून गाडी घेतली आहे, उगाच इंजिन खोलायची ऐपत नाही. पण भाऊ रात्रपाळीहून एकटा येणार, मधे कुठे इंजिन जाम झालं तर काय, ही धास्ती आहे. कोणाला अनुभव असेल तर कृपया सविस्तर सांगा.

पांझराकाठ:

भाऊ, टेन्शन लेऊ नको. पण डिझेलचं तेवढं करू नका. डिझेल पातळ, घासणाऱ्या भागांमधे त्याचा थर टिकत नाही. चालू इंजिनमध्ये कॅम, रॉकर, पिस्टन सगळं जवळजवळ कोरडं घासतं. वर तळाला बसलेली घाण उठून नको तिथे जाते. आमच्याकडे बरेच जण करतात आणि मग टॅपेटचा आवाज वाढला म्हणून फिरतात.

लेथवाला:

दादा, तुम्ही गाळून पाहिलंत आणि माल जपून ठेवलात, अर्धं काम तिथेच झालं. ते फडकं टाकू नका, ऑइलसुद्धा एका बाटलीत ठेवा.

या गाडीत इंजिन, क्लच आणि गिअर तिन्हींना एकच ऑइल असतं. त्यामुळे तुकडा कुठलाही असू शकतो, तो वाचावा लागतो. जुन्या स्पीकरचं चुंबक पातळ पॉलिथिनमध्ये गुंडाळा आणि सगळ्या मालावरून फिरवा. पॉलिथिन यासाठी की नंतर ते उलटं केलं की माल सुटून येतो.

साल चुंबकाला चिकटणार नाही असं मला वाटतं. ती ॲल्युमिनियमची असेल, आणि वळलेली साल बहुतेक वेळा ड्रेन बोल्टच्या भोकातल्या आट्यांची असते. कोणीतरी पाना लांब धरून बोल्ट आवळला की केसिंगचे आटे सोलून येतात. बोल्ट पुन्हा लावताना तो शेवटी घट्ट होतो की नुसता फिरत राहतो ते बघा. फिरत असेल तर लेथवर भोकात नवी आट्यांची गुंडाळी बसवून मिळते, तेवढ्यासाठी केसिंग बदलायला कोणी सांगितलं तर ऐकू नका.

काळा मऊ चुरा क्लच प्लेटचा. दूधवाल्याची गाडी म्हणजे दारोदार थांबायचं, पुन्हा निघायचं, मागे भरलेले कॅन, क्लच कायम अर्धा दाबलेला. प्लेटा झिजल्या असणारच.

राखाडी चमक बारीक झिजेची असते, एवढ्या जुन्या गाडीत ती थोडीफार येते. चिमटीत घेऊन नखाने घासा. नुसती पेस्ट लागली तर चालेल, कण टोचले तर नाही. बेअरिंग जात असेल तर पातळ चकचकीत पापुद्रे निघतात. तसे काही तुमच्या वर्णनात नाहीत, ही चांगली गोष्ट.

राहिला तो जाड तुकडा. एक बाजू घासलेली आणि दुसरी दाणेदार म्हणजे तो झिजून नव्हे, तुटून पडला आहे. मला गिअरचा संशय येतो. एक विचारतो, कुठला गिअर सुटतो का?

बोरीकाठ:

चुंबक फिरवलं. साल चिकटली नाही, जाड तुकडा टप्पकन चिकटला. राखाडी लगदा नखाला टोचत नाही. बोल्ट व्यवस्थित घट्ट झाला.

आणि हो, गिअर सुटतो! पुलाच्या चढावर दुसऱ्यात रेस दिली की खट्ट आवाज होऊन गाडी मोकळी होते. भाऊ म्हणत होता की लिव्हर नीट दाबली गेली नसेल.

लेथवाला:

मग कोडं बरंचसं सुटलं. या गिअरबॉक्समध्ये गिअरच्या जोड्या कायम एकमेकांत अडकलेल्याच असतात. आपण लिव्हर दाबतो तेव्हा फोर्क एक गिअर बाजूला सरकवतो आणि त्याच्या अंगावरचे खुंट शेजारच्या गिअरच्या खाचेत बसतात. मेकॅनिक त्यांना डॉग म्हणतात. त्यांचे कोपरे गोल झाले की ओझं पडताच ते बाहेर ढकलले जातात, आणि असे वारंवार आदळून एखादा कोपरा तुटतो. तुमच्या हातात तोच कोपरा असावा.

ऑइल पंप जाळीतून ऑइल ओढतो, म्हणून असा मोठा तुकडा पंपात सहसा जात नाही. पण दुसरा तुकडा सुटून दोन गिअरच्या दातांत सापडला तर मागचं चाक धावत्या गाडीत जाम होऊ शकतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, गाडी उभी ठेवा.

काम टप्प्याटप्प्याने सांगा. आधी उजवीकडचं क्लच कव्हर उघडायला लावा. या इंजिनाला कागदी फिल्टर नाही. कव्हरच्या आत खाली ऑइलची जाळी असते, आणि क्रँकच्या टोकाला गोल फिरता फिल्टर, ज्यात जड घाण फिरून कडेला चिकटते. दोन्ही समोर उभं राहून साफ करून घ्या, जाळीत आणखी तुकडे आहेत का ते मोजा. क्लच प्लेटाही तेव्हाच बघा.

गिअर मात्र केसिंगचे दोन भाग वेगळे केल्याशिवाय दिसत नाहीत. तुटलेला गिअर एकटा बदलू नका, ज्याच्या खाचेत तो बसतो तोही घ्या, आणि फोर्क वाकला आहे का ते तपासायला सांगा. केसिंग उघडलंच आहे तर मेन बेअरिंग हाताने फिरवून बघा, ऑइल सील नवीन टाका. बोअर-पिस्टनला हात लावायचं कारण मला दिसत नाही. धूर नाही, गाडी ऑइल खात नसेल तर ते राहू द्या. "फुल इंजिन" या नावाखाली नेमकं काय काय बदलणार ते कागदावर लिहून घ्या, आणि जुने पार्ट परत मागा.

गिरणा-पार:

एक भर घालतो. ऑइल १०डब्ल्यू३० ग्रेडचं घ्या आणि डब्यावर जासो एमए (JASO MA, म्हणजे ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणारं) लिहिलेलं आहे का ते बघा. कारचं उरलेलं ऑइल टाकू नका, क्लच घसरतो. काढलेलं ऑइल बांधावर किंवा गटारात ओतू नका, गॅरेजवाल्याच्या ड्रममध्ये द्या.

लेथवाला:

बरोबर. आणि बोरीकाठ, काम झाल्यावर पहिलं ऑइल ५०० किलोमीटरला काढा, पुन्हा तसंच फडक्यातून गाळा आणि चुंबक फिरवा. नुसती राखाडी पेस्ट दिसली तर पुढचं ऑइल नेहमीच्या अंतराने बदला. कोनेदार काही दिसलं तर इथे वर्णन टाका, तोवर गाडी चालवू नका.